एकच दळण, तीन घरं: साडेसदतीस किलो भाजणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जुनं घर. तिथे सासूबाई आणि थोरल्या मुलाचा संसार, घरात सहा माणसं. मधला मुलगा पुण्यात, त्यांच्या घरी चौघं. धाकटा डोंबिवलीत, तिथे तिघं. मे महिन्यात सगळे गावी जमायचे आणि उन्हाळकामं उरकून घ्यायचे. पापड, कुरडया, तिखट, हळद हे दरवर्षीचं. थालीपिठाची भाजणी मात्र तोवर प्रत्येक घर आपापली, दोन-तीन किलोची करत असे. त्या वर्षी ठरलं की हात आहेत, ऊन आहे, तर तिन्ही घरांना दिवाळीपर्यंत पुरेल एवढी एकदमच करून टाकू.

धान्य असं घेतलं: ज्वारी 10 किलो, बाजरी 10 किलो, तांदूळ 5, गहू 5, हरभऱ्याची डाळ 5, उडीद अडीच, मूग अडीच, धणे सव्वा किलो आणि जिरे पाव किलो. एकूण साडेएकेचाळीस किलो. भाजताना ओल उडते, थोडं गिरणीत राहतं. हातात आली साडेसदतीस किलो भाजणी. गावाला 15, पुण्याला साडेबारा, डोंबिवलीला 10 अशी वाटणी झाली. महिन्याला साधारण सव्वासहा किलो लागते, म्हणजे सहा महिन्यांचा हिशोब बरोबर होता. प्रमाणही बरोबर होतं. चूक दोन्हीकडे नव्हती.

म्हणूनच हे प्रकरण बारकाईने मांडण्यासारखं आहे. एकाच दिवशी, एकाच गिरणीत दळलेलं पीठ तीन घरांत गेलं आणि तीन तऱ्हेने वागलं.

दोन दिवसांत काय झालं

तांदूळ आणि डाळी धुऊन घेतल्या. ज्वारी, बाजरी, गहू नुसते निवडून चाळले. धुतलेल्या डाळींना दोन उन्हं मिळाली. तांदूळ मात्र आदल्या संध्याकाळी धुतला आणि माजघरात पंख्याखाली रात्रभर पसरला. सकाळी हाताला कोरडा लागत होता. हाताला कोरडा लागणं म्हणजे आतून कोरडा असणं नव्हे. ते बघायची सोपी रीत आहे: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून चांगलं हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं की धान्यात ओल आहे. ही परीक्षा त्या दिवशी केली नाही.

भाजायला मोठी लोखंडी कढई आणि गॅसची एकच मोठी शेगडी. इथे पहिला निर्णायक क्षण आला. सव्वा किलोचा एक घाणा बारा-पंधरा मिनिटं घेतो. साडेएकेचाळीस किलोला तेहतीस-चौतीस घाणे, म्हणजे एका शेगडीवर सात-आठ तास आणि सतत हलवणारा एक हात. पुण्याच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, म्हणून घाणा तीन किलोचा केला. कढईत एवढं धान्य असलं की तळचं तांबूस होतं, मधलं नुसतं गरम होतं, आणि वास मात्र खमंग सुटतो. त्या वासावर विसंबून घाणे उतरवले गेले.

चांगल्या भाजणीची खूण वासात असते तशी दातातही असते. तांदूळ पांढराफेक पडून फुगला पाहिजे. ज्वारीच्या चार-दोन लाह्या फुटल्या पाहिजेत. बाजरी लवकर होते, तडतडायला लागली की दोनच मिनिटं. हरभऱ्याच्या डाळीच्या कडा गुलाबी व्हायला हव्यात, तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि कुठलाही दाणा गार झाल्यावर दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चिवट लागला, दबला, तर तो परत कढईत.

भाजलेलं धान्य एका मोठ्या चादरीवर एकत्र केलं, वरून दुसरी चादर झाकली आणि संध्याकाळी कोमट असतानाच गिरणीत नेलं. एवढं मोठं दळण सलग चाललं की दगड तापतात आणि पीठ इतकं गरम उतरतं की हात फार वेळ ठेववत नाही. तेच पीठ पिशव्यांत भरलं, तोंडं बांधली, रात्री घरी आणून डब्यांत ओतलं, झाकणं लावली.

पीठ लवकर निवत नाही. गव्हाच्या पोत्यात दाण्यांमधून हवा खेळते, पिठाच्या ढिगात खेळत नाही. पंधरा किलोच्या ढिगाचं पोट दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट असतं. ती वाफ वर येते, गार झाकणाला लागते, थेंब होऊन परत पिठावर पडते. सहा महिन्यांच्या भाजणीला पहिलं पाणी त्या रात्री घरातच मिळालं.

तीन घरांत तीन साठवणी

गावी 15 किलो भाजणी गव्हाच्या जुन्या पत्र्याच्या कोठीत गेली. कोठी धुऊन वाळवली होती, पण तळाच्या सांध्यांत जुनं पीठ घट्ट बसलेलं राहिलं. शिवाय कोठी मोठी, भाजणी तिच्या अर्ध्यालाही पोचली नाही. वरची मोकळी हवा दर वेळी झाकण उघडलं की बदलायची, आणि मृगानंतर ती हवा दमट. सासूबाईंनी वरून कडुलिंबाचा पाला घातला. गव्हाला त्या आयुष्यभर घालत आल्या होत्या आणि गव्हाला तो चालतो, फक्त चुरचुरीत वाळलेला हवा. हा पाला दोनच दिवस सावलीत ठेवलेला, बोटांत वाकणारा होता.

पुण्यात साडेबारा किलो अडीच-अडीच किलोच्या पाच जाड प्लास्टिक पिशव्यांत, हवा दाबून काढून, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. माळा गॅसच्या वरच्या बाजूला.

डोंबिवलीत सात किलो स्टीलच्या डब्यात. धाकटीच्या डब्यात बाकीची तीन किलो मावेना, म्हणून ती परातीत पसरून, रात्रभर गार करून, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या सहा पिशव्यांत फ्रीजरमध्ये गेली. यात विचार काही नव्हता, जागेची अडचण होती. पुढे सगळ्या प्रकरणाचा उलगडा या तीन किलोंमुळे झाला.

कुबट, खवट, उग्र

जुलैच्या मध्यावर, आषाढात, गावाहून फोन आला. कोठी उघडली तर वरच्या थरात सुपारीएवढ्या गुठळ्या, खाली जाळी, जाळीत पांढुरक्या अळ्या. कडुलिंबाची पानं जिथे टेकली होती तिथे पिठावर पानाच्याच आकाराचे करडे-हिरवट डाग. चाळणीतून तीन-चार मिलिमीटरचे तांबडे भुंगेरे निघाले.

त्याच आठवड्यात पुण्यात थालीपीठ कडवट लागायला लागलं. पिशवीत कीड नाही, गुठळी नाही, रंग तसाच. आधी वाटलं कांदा करपला, मग तेल बदलून पाहिलं. शेवटी कोरडी चिमूट जिभेवर ठेवली. पहिली दोन-तीन सेकंदं काही नाही आणि मग घशाशी कडूपणा आला.

डोंबिवलीच्या स्टीलच्या डब्यात पीठ दबून घट्ट झालेलं, वास उतरलेला, चव थोडी कडवट. फ्रीजरमधल्या पिशव्या मात्र पहिल्या दिवशीसारख्या. पीठ तेच, फरक साठवणीचा.

बिघडलेल्या पिठासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दामागे वेगळं कारण आहे. कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. खवट किंवा कडवट म्हणजे धान्यातलं तेल बिघडलं. उग्र, नाकात जाणारा वास म्हणजे भुंगेऱ्यांची संख्या वाढली, त्यांच्या अंगातून पाझरणारी रसायनं पिठात उतरली. फोनवर तिन्ही घरं ‘भाजणी खराब झाली’ एवढंच म्हणत होती, त्यामुळे पहिले आठ दिवस सगळ्यांनी एकच उपाय शोधला. शब्द नेमका वापरला असता तर तीन वेगळे दोष लगेच दिसले असते.

पुण्याचा कडवटपणा आला बाजरीतून. बाजरीत साधारण पाच टक्के तेल असतं, ज्वारीपेक्षा बरंच जास्त आणि तांदळाच्या कितीतरी पट. दाणा अख्खा असतो तोवर ते कोंड्याखाली सुरक्षित असतं. दळलं की तेल, हवा आणि धान्यातलंच लायपेज नावाचं विकर एकत्र येतात. बाजरीचं कच्चं पीठ आठवड्याभरात कडू होतं ते यामुळेच. नीट भाजलं की विकर निकामी होतं आणि पीठ जास्त दिवस टिकतं. पण तीन किलोच्या घाण्यात मधली बाजरी नीट भाजलीच गेली नव्हती. त्यात माळ्यावरची ऊब. आणि पूर्ण भाजलेल्या पिठातही तेलाला हवा लागत राहतेच, फक्त सावकाश.

भाजणीचं काय करायचं

गावच्या साडेअकरा किलोंवर घरात दोन दिवस बोलणं चाललं. पर्याय चार होते.

पहिला, ऊन देणं. आषाढात ऊनच नव्हतं.

दुसरा, वरचा थर काढून, बाकीचं चाळून, कढईत पुन्हा भाजणं. भाजल्याने अळ्या आणि अंडी मरतात, हे खरं. पण काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते घरगुती भाजण्याने किंवा शिजवण्याने जात नाही. कुठली बुरशी विषारी आणि कुठली नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आंब्याचा डागाळलेला भाग कापून टाकता येतो. कोठीतलं पीठ डावाने दोन महिने वरखाली होत आलेलं असतं, त्यात कापण्यासारखी कड नसते.

तिसरा, गुरांना घालणं. हा पर्याय सगळ्यात साळसूद दिसतो आणि नेमका तोच टाळायला हवा. दुभत्या गाई-म्हशीने असं पीठ खाल्लं तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि घरातल्या पोरांपर्यंत पोचतो.

चौथा, उकिरड्यात मातीआड करणं.

सासूबाईंचं म्हणणं होतं, “अन्न टाकायचं नसतं. मी चाळून, भाजून देते.” थोरलीने आधी ऐकलं. वरचा चार बोटांचा थर काढला, बाकी आठेक किलो चाळून भाजली. घरभर कुबट वास पसरला, थालीपिठालाही तोच राहिला. तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला, “ताई, माझ्या फ्रीजरमधली अजून ताजी आहे. तीन किलो पाठवते. आईंना सांगा, ती नका खाऊ.” तेव्हा कुठे राहिलेली मातीत गेली. त्या तीन दिवसांत कुणाला काही झालं नाही, पण यावरून भाजणी चांगली होती असं ठरत नाही. ही विषं बहुधा एका ताटाने दिसत नाहीत, साचत जातात. हा निर्णय पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. टाकायची हळहळ रास्त आहे, तिची जागा मे महिन्यात, घाण्याचं माप ठरवताना.

पुण्याच्या आठ किलोंना बुरशी नव्हती. त्यांनी ओवा, लसूण, मेथीची भाजी घालून दोन आठवडे रेटलं, मग मुलांनी डबा परत आणायला सुरुवात केली. खवटपणा मसाल्याने झाकतो, जात नाही. तीही कुंडीतल्या खतात गेली. डोंबिवलीच्या डब्यातली चार किलो उरली होती, तिची तीच गत. तिघांची मिळून तेवीस-चोवीस किलो भाजणी वाया गेली.

दुसऱ्या वर्षी: पर्याय आणि निवड

पुढच्या मे महिन्यात काम सुरू करण्याआधी तिघी जावा आणि सासूबाई बसल्या. बोलताना सासूबाईंनीच मुद्दा काढला की त्यांच्या सासरी वर्षाचं भरायचं ते धान्य, जात्यावर दळायचं ते दोन-चार दिवसांपुरतं. वर्षभराचं पीठ त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. विजेची गिरणी आली तेव्हा साठवण्याची सवय धान्याकडून पिठाकडे सरकली आणि पिठाला धान्याचेच नियम लावले गेले. या प्रकरणातली मूळ चूक ही आहे. बाकीच्या चुका तिच्या पोटातल्या.

त्यांच्यापुढे हे मार्ग होते:

सगळी दळून फ्रीजरमध्ये. डोंबिवलीचा अनुभव चांगला होता, पण घरगुती फ्रीजरमध्ये दहा-पंधरा किलो मावत नाही, आणि गावात वीज आठ-आठ तास जाते.

कच्चं धान्य ठेवून दर महिन्याला भाजायचं. टिकायला सगळ्यात उत्तम. पण नोकरी करणाऱ्या घरात दर महिन्याला नऊ जिन्नस वेगवेगळे भाजणं होणार नाही, हे मधलीने स्पष्ट सांगितलं, आणि ते मान्य करणंच शहाणपणाचं होतं.

भाजून अख्खं ठेवायचं, दर महिन्याला दळायचं. सुट्टीतले हात वापरता येतात आणि पीठ कधी महिन्यापेक्षा जुनं होत नाही.

कुणीतरी धान्यात ठेवायच्या विषारी वाफेच्या गोळ्या सुचवल्या. त्या राहत्या घरात कधीच ठेवू नयेत. त्या वायूने माणसं दगावलेली आहेत.

तिसरा मार्ग निवडला, एका बदलासह: बाजरी भाजायची नाही. ती निवडून कच्चीच ठेवायची आणि दळायच्या आदल्या दिवशी भाजायची. एका जिन्नसाचा एकच लहान घाणा, दहा मिनिटांचं काम.

प्रत्यक्ष काम

घाणा सव्वा किलोचा, दोन शेगड्या, काम तीन सकाळींत वाटलेलं. तांदूळ आणि डाळींना तीन-तीन उन्हं, मग मिठाची परीक्षा. पहिल्या परीक्षेत तांदूळ नापास झाला, त्याला आणखी एक ऊन दिलं.

भाजलेला प्रत्येक घाणा सुती कापडावर दोन बोटं जाडीचा पसरला, वर काही झाकलं नाही, तासाभराने हात फिरवून सऱ्या मोडल्या. पूर्ण गार झाल्यावर, त्याच दुपारी, संध्याकाळचा दमटपणा यायच्या आत भरला. धान्य रात्रभर उघडं ठेवलं नाही. भाजलेला दाणा ओल ओढून घ्यायला टपलेला असतो.

बाजरीशिवायचं धान्य 29 किलो भरलं. प्रत्येक घराला सहा पिशव्या, महिन्याला एक. गावची पिशवी 1 किलो 900 ग्रॅमची आणि तिच्या जोडीला कच्च्या बाजरीची 650 ग्रॅमची पुडी. दळून झाली की अडीच किलो. पिशव्या जाड, तोंडाशी दुहेरी मुडपून बांधलेल्या, आणि सगळ्या मिळून घट्ट झाकणाच्या डब्यात. जुनी कोठी बाद केली.

दळणाचे नियमही ठरले. धान्य पूर्ण गार. आपल्या आधीचं दळण ज्वारी-गव्हाचं असावं, मिरची-हळदीचं नको. पीठ घरी आल्यावर परातीत पसरून दोन तास, मगच डब्यात. डबा दर वेळी रिकामा करून, पुसून, कोरडा करून. जुन्या पिठावर नवं ओतायचं नाही, कारण जुन्यातली दोन अंडीही पुरतात.

परिणाम

दिवाळीपर्यंत एकाही घरात पीठ टाकावं लागलं नाही.

अडचणी मात्र आल्या. पुण्यातल्या गिरणीने भाजणी दळायला नकार दिला, कारण पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाला धण्याचा वास लागतो. शेजारच्या घरघंटीवर सोय झाली. डोंबिवलीत गिरणीवाला आठवड्यातून एकदाच, दिवसाच्या शेवटी भाजणी घेई, त्यामुळे बाजरी भाजायचा वार त्याच्या वेळेशी जुळवावा लागला. लहान दळणात दर वेळी शंभर-दीडशे ग्रॅम पीठ गिरणीत राहतं. सहा दळणांत पाऊण किलो. हा तोटा तेवीस किलोंपुढे काहीच नाही, पण हिशोबात धरायला हवा.

ऑगस्टमध्ये पुण्याची एक पिशवी सादळली. प्लास्टिकला टाचणीएवढं भोक होतं. दाणे दाताखाली दबायला लागले होते, वास चांगला होता, बुरशी नव्हती. मंद आचेवर दहा मिनिटं परतून, गार करून दळली आणि भाजणी उत्तम झाली. सादळलेला अख्खा दाणा वेळेत सापडला तर परत कुरकुरीत करता येतो. पिठाला ती दुसरी संधी मिळत नाही.

आणखी काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबरच्या दळणाचं थालीपीठ चवीला चांगलं होतं, पण जूनमधल्यासारखा घमघमाट नव्हता. धणे-जिरे मे महिन्यात भाजून इतर धान्यात मिसळले होते आणि पाच महिन्यांत त्यांचा सुवास उडून गेला. ते बाजरीच्या पुडीतच कच्चे बांधून द्यायला हवे होते: गावच्या पिशवीला धणे 80 ग्रॅम, जिरे 16 ग्रॅम. बाजरी उतरवल्यावर तीन-चार मिनिटं धणे, आणि गॅस बंद करून तापल्या कढईत जिरे.

फ्रीजरचा उपयोगही अर्धवटच झाला. पावसाळ्यात दळून आणलेली भाजणी आधी चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवली तर गिरणीतून आलेली अंडी मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण साध्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार पिठावर हवेतलं पाणी जमतं. डोंबिवलीत ऑगस्टमध्ये घाईने उघडलेल्या एका पिशवीत अशाच गुठळ्या झाल्या.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या पहिल्या वर्षी नव्हत्याच. दुसऱ्या वर्षी लावल्या, पण त्यांवर भाजल्याची तारीख होती, त्यामुळे सप्टेंबरचं ताजं पीठही ‘मे’चं, म्हणजे जुनं समजून मागे सरकलं. आता चिठ्ठीवर दोन ओळी असतात: भाजलं कधी, दळलं कधी. वापरताना बघायची ती दुसरी.